सही केली म्हणून हक्क सुटत नाही

ठरवून केलेलं ऑपरेशन बिघडलं, की घरात दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, ‘डॉक्टरनं काय मुद्दाम केलं? नशिबात होतं, जाऊ द्या.’ दुसऱ्याचं म्हणणं, ‘जाऊ कसं द्यायचं? केस ठोका, दवाखानाच बंद पाडा.’ वर्ध्यात असो की आर्वीत, हे दोन्ही सूर मी पुष्कळ ऐकले आहेत आणि दोन्ही मला सारखेच चुकीचे वाटतात. दोन्ही तटांनी निकाल आधीच लावलेला असतो. केसपेपर कोणी वाचलेला नसतो. माझं म्हणणं असं, की डॉक्टरवर दावा करायचा की नाही हे तीन गोष्टींवरून ठरवावं: आधी काय सांगितलं, टेबलावर काय केलं आणि बिघडल्यावर काय केलं. त्यातही तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच लोकांचं सगळ्यांत कमी लक्ष जातं.

समजा, हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावची पंचेचाळिशीची बाई आहे. पित्ताशयात खडे. डॉक्टर म्हणाले, काढावं लागेल, पण घाई नाही. घरानं ठरवलं, कापसाची वेचणी आटोपली की करू. जानेवारीत दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. पाचव्या दिवशी पोट फुगलं, ताप आला, घास जाईना. दवाखान्यात फोन केला तर उत्तर आलं, ‘गॅस झाला असेल, गोळी द्या.’ आठव्या दिवशी डोळे पिवळे झाले. मग गाडी करून नागपूर. तिथे कळलं, पित्तनलिकेला इजा झाली आहे. पुन्हा ऑपरेशन, महिनाभर पोटात नळी आणि घरावर कर्ज. या घरानं काय करावं?

पहिला सल्ला मिळतो तो गप्प बसण्याचा. ज्यानं हात लावून बरं करायचा प्रयत्न केला त्याच्यावर उलटणं म्हणजे कृतघ्नपणा, असं वडीलधारी माणसं सांगतात. या आदराला मी कमी लेखत नाही. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं, ते याच जिल्ह्यात. रात्री-बेरात्री दार उघडणारे डॉक्टर इथल्या लोकांनी पाहिले आहेत. पण आदर असला म्हणजे जाब विचारायचा नाही, हे कुठून आलं?

आपल्याकडे वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्याचा पाया ज्या खटल्यानं घातला, तो एका डॉक्टरनंच दुसऱ्या डॉक्टरवर केलेला होता. १९५३ च्या मे महिन्यात दावा करणाऱ्या डॉ. गोडबोले यांच्या विशीतल्या मुलाचं पालशेतच्या समुद्रकिनारी मांडीचं हाड मोडलं. त्याला टॅक्सीनं पुण्याला आणलं. तिथल्या सर्जननं भूल न देता, माणसं हाताशी घेऊन, जोर लावून पाय ओढला आणि प्लास्टर घातलं. मुलगा त्या धक्क्यानं गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. हाड बसवताना काय करायचं असतं आणि काय नाही, हे त्यांना कळत होतं, म्हणून ते कोर्टात गेले. २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सर्जनचं अपील फेटाळलं. भरपाई अवघी ३ हजार रुपये. पण त्या निकालानं डॉक्टरची कर्तव्यं मांडून दिली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना काळजी आणि ते देताना काळजी. गोडबोले वडिलांना कोणी कृतघ्न म्हणेल का? वैद्यकीवर ज्याचा विश्वास आहे, त्यालाच वैद्यकी नीट व्हावी असं वाटतं.

दुसरं उत्तर दवाखान्याच्या काउंटरवर मिळतं आणि ते ऐकून शिकलेली माणसंही माघारी फिरतात: ‘तुम्ही सही केली आहे ना?’

तो सहीचा कागद एकदा उजेडात धरून वाचावा. वर दवाखान्याचं नाव, खाली छापील मजकूर, बहुधा इंग्रजी. ऑपरेशनच्या नावापुढे एक रेघ, ती नंतर भरली जाते आणि कधी कधी दुसऱ्याच शाईत. ‘सर्व धोक्यांची मला समजेल अशा भाषेत कल्पना दिली आहे’ या अर्थाची ओळ आधीच छापलेली, म्हणजे कल्पना देण्याच्या आधीच ती दिल्याचा पुरावा तयार. त्याखाली बाईचा अंगठा किंवा कशीबशी केलेली सही, साक्षीदार म्हणून दिराची सही. वेळ लिहायची जागा कोरी. ही सही घेतली तेव्हा बाईच्या अंगावर ऑपरेशनचा झगा होता, हाताला सलाईन होतं आणि स्ट्रेचर दारात उभं होतं. त्या क्षणी कोणती बाई म्हणेल, ‘थांबा, मला नीट समजावून सांगा’?

समीरा कोहली प्रकरणात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं याच प्रश्नाची फोड केली. ४४ वर्षांची अविवाहित रुग्ण दुर्बिणीनं तपासणी करून घ्यायला गेली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकण्यात आले. न्यायालयानं सांगितलं, की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि तातडीचा प्रसंग नसताना सज्ञान माणसाच्या वतीनं आईनं दिलेली संमती चालत नाही. ऑपरेशन कशासाठी, त्याचा फायदा काय, दुसरा मार्ग आहे का, मोठे धोके कोणते आणि ऑपरेशन केलंच नाही तर काय होईल, एवढं सांगितलं तरच ती खरी संमती. क्वचित घडणारा प्रत्येक दूरचा धोका मोजून सांगावा, असं मात्र न्यायालय म्हणालं नाही. तेही ध्यानात ठेवायला हवं. डॉक्टरला फी नाकारली गेली आणि २५ हजारांची भरपाई लागली.

ठरवून केलेल्या ऑपरेशनात हा मुद्दा दुप्पट जड होतो. अपघात होऊन रक्त वाहत असेल, तर डॉक्टरला बोलायला उसंत नसते आणि कोणी ती मागूही नये. पण जिनं कापूस निघेपर्यंत दोन महिने वाट पाहिली, तिला त्या दोन महिन्यांत पंधरा मिनिटं देता आली नाहीत? बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण आठवावं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२,३०९ बायकांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांच्याकडूनही संमतीचे कागद घेतले गेलेच असतील. कॅन्सरची भीती घालून घेतलेल्या सहीला संमती म्हणायचं असेल, तर त्या शब्दात काही उरत नाही.

विश्वास ठेवला की विचारायचं नसतं, असं मानणाऱ्यांनी गांधींच्या ऑपरेशनची हकीकतही पाहावी. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं अपेंडिक्स काढलं. गांधी येरवड्याचे कैदी, सर्जन सरकारचा. ऑपरेशनआधी एक पत्र तयार झालं. श्रीनिवास शास्त्रींनी मजकूर कागदावर उतरवला, गांधींनी थरथरत्या हातानं सही केली. त्यात मॅडॉक यांच्यावर विश्वास असल्याचं नमूद होतं आणि ओळखीच्या डॉक्टरांना बोलावण्याची विचारणा झाली होती याचीही नोंद होती. मध्येच दिवे गेले आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. शत्रूपक्षाच्या डॉक्टरवर विश्वास टाकणाऱ्या त्या माणसानं विश्वास टाकला तो विचारून, समजून आणि लिहून. छापील फॉर्मवरच्या सहीत यातलं काय असतं?

आता दुसऱ्या तटाकडे वळतो आणि इथे मला जास्त कठोर व्हायचं आहे, कारण हल्ली हा तट वाढतो आहे. ‘बिघडलं म्हणजे डॉक्टरचीच चूक’ हे साफ खोटं आहे. दुर्बिणीनं पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होणं ही जगभर नोंदलेली गुंतागुंत आहे. चांगल्या हातांतही हजारी तीन ते पाच ऑपरेशनांत ती होते. सूज आलेली असते, सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, नळ्यांची रचना माणसागणिक बदलते. ती टाळण्यासाठी कापण्याआधी काय काय स्वच्छ दिसलं पाहिजे याची रीत १९९५ पासून सर्जन शिकत आले आहेत, तरीही इजा शून्यावर आलेली नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात ५ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की रुग्णाला गुण आला नाही किंवा ऑपरेशन फसलं एवढ्यावरून डॉक्टरला दोषी धरता येणार नाही. त्याच महिन्यात पंजाब सरकार विरुद्ध शिवराम या खटल्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: नसबंदीनंतर मूल झालं म्हणून सर्जन निष्काळजी ठरत नाही, कारण कितीही नीट केली तरी काही नसबंद्या फसतात.

मग दोष ओळखायचा कशावरून? याचं उत्तर देणारा खटला आपल्याच राज्यातला आहे आणि तोही ठरवून केलेल्या ऑपरेशनचा. जुलै १९६३. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. बाळंतपण नीट झालं आणि १३ जुलैला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली गेली. कसलीही तातडी नव्हती, तब्येत ठणठणीत होती. नंतर ताप, पोटात असह्य दुखणं. १९ जुलैला दुसऱ्या डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आत टॉवेल सापडला. २४ जुलैला ती गेली. नवरा, अच्युतराव खोडवा, कोर्टात गेला. खालच्या कोर्टानं ३६ हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा नवऱ्याच्या बाजूनं कौल दिला. पोटात राहिलेला टॉवेल स्वतःच बोलतो. नेमका कोणाच्या हातून राहिला हे नवऱ्यानं शोधून द्यायची गरज नाही. काम करणारी माणसं सरकारची, म्हणून जबाबदारी सरकारची.

हा निकाल मनात ठेवून हिंगणघाटच्या बाईकडे परत पाहा. तिची पित्तनलिका दुखावली, हा तिच्या पोटात राहिलेला टॉवेल नाही. निष्णात सर्जनकडूनही ते घडू शकतं. पण पाचव्या दिवशी पोट फुगल्याचा, ताप असल्याचा फोन आल्यावर तिला न बघता ‘गॅस’ म्हणून बोळवण करणं, हे काय आहे? पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पोट फुगून ताप आला, तर आत पित्त झिरपतंय का ही शंका कोणत्याही सर्जनला आलीच पाहिजे. एक सोनोग्राफी, रक्ताच्या दोन तपासण्या आणि गरज पडली तर त्याच दिवशी नागपूर किंवा सावंगी. ते तीन दिवस कुठे गेले? माझ्या मते दावा उभा राहतो तो या तीन दिवसांवर.

आणि याचा उलटा भागही मी तेवढ्याच ठामपणे मांडतो. त्याच डॉक्टरनं पाचव्या दिवशी तिला बोलावून घेतलं असतं, तपासलं असतं, ‘नळीला इजा झालेली दिसते, हे माझ्या हातून झालं आहे, पुढची दुरुस्ती मोठ्या ठिकाणी व्हायला हवी’ असं नवऱ्याला समोर बसवून सांगितलं असतं आणि चिठ्ठी देऊन पाठवलं असतं, तर मी त्या घराला दावा करू नका असंच सांगितलं असतं. दुसरं ऑपरेशन तेवढंच मोठं झालं असतं, कर्जही कदाचित तेवढंच. हे लिहिताना त्या कर्जाचा आकडा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पण कोणाचाही दोष नसताना झालेलं नुकसान भरून काढायची व्यवस्था नसणं, हा समाजाचा आणि सरकारचा दोष आहे. तो एका सर्जनच्या माथी मारून भागणार नाही. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अशी व्यवस्था आहे: उपचारातून इजा झाली तर कोणाची चूक हे सिद्ध न करता रुग्णाला मदत मिळते. आपल्याकडेही नसबंदीपुरती अशी भरपाई सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००५ मध्ये सुरू झाली. नसबंदीला जमतं ते पित्ताशयाला का जमू नये, ही मागणी आपण सरकारकडे कधी केली आहे का?

दवाखान्याच्या काचा फोडणाऱ्यांविषयी फार बोलायची गरज नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्याला नातेवाइकांच्या जमावानं एका निवासी डॉक्टरला एवढं मारलं, की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. २०१० पासून राज्यात अशा हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे आणि तो वापरलाच पाहिजे. पोलिसात गुन्हा नोंदवायची घाईही तितकीच निरुपयोगी. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो, त्याआधी स्वतंत्र डॉक्टरचं मत लागतं, आणि त्यातून बाईच्या उपचाराचा एक पैसाही परत मिळत नाही.

डॉक्टरांच्या बाजूनं एक आक्षेप येतो, आणि मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. ते म्हणतात, दावे वाढले तर छोट्या गावातला सर्जन अवघड रुग्ण हाती घेणार नाही. आर्वी, पुलगाव, समुद्रपूरला जो एकटा-दुकटा सर्जन धोका पत्करून काम करतो, तो उद्या प्रत्येकाला ‘नागपूरला न्या’ म्हणेल आणि गरिबाचं मरण होईल. यात तथ्य आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात न्यायालयानंही म्हटलं होतं, की भीतीनं हात थरथरत असेल तर सर्जन सुरी नीट चालवू शकणार नाही. पण तो निकाल पुरता वाचावा. ती भीती फौजदारी खटल्याची, अटकेची आहे. भरपाईचा दिवाणी हक्क न्यायालयानं कुठेही काढून घेतलेला नाही. भरपाईच्या दाव्यासाठी डॉक्टर विमा काढतात, हप्ता भरतात. आणि वर मी ज्या कसोट्या सांगितल्या, त्या पाळायला छोट्या गावातल्या डॉक्टरला कोणतं महागडं यंत्र लागतं? धोका आधी सांगणं, नोंद त्याच दिवशी लिहिणं, फोन आला तर रुग्णाला बोलावून घेणं, आपल्या हातात नसेल तर वेळेत पुढे पाठवणं. हे करणाऱ्या सर्जनला दाव्याची भीती वाटावी असं काही नाही. उलट सचोटीनं काम करणाऱ्याची आणि लपवाछपवी करणाऱ्याची लोक एकाच मापानं संभावना करतात, ते दाव्यांमुळे नव्हे, उत्तरं मिळत नाहीत म्हणून.

राहता राहिला थकव्याचा मुद्दा: ‘कोर्टात पिढी जाते.’ नाकारत नाही. खोडवांना बायको गेल्यावर तेहतीस वर्षांनी न्याय मिळाला. कुणाल साहा यांची पत्नी कोलकात्यातल्या उपचारांनंतर १९९८ मध्ये मुंबईत गेली. सुमारे सहा कोटींच्या भरपाईचा अंतिम निकाल २०१३ चा, आणि ते स्वतः डॉक्टर असून पंधरा वर्षं त्याच कामाला जुंपलेले होते. ज्या घरात रोजची मजुरी बुडते, तिथे हा हिशेब मांडायलाच हवा. नुकसान थोडं असेल, बाई बरी होऊन कामाला लागली असेल, तर दावा न करणं हा शहाणा निर्णय असू शकतो. त्यात भेकडपणा काही नाही.

पण दिवाणी कोर्ट हा एकच रस्ता उरलेला नाही. १३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालापासून पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले. २०१९ चा नवा कायदा आल्यावर डॉक्टर त्यातून सुटले असा गैरसमज पसरला होता. मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तो दूर केला. आता ऑपरेशन नागपूरला झालं असलं तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात, तिथे मात्र हा कायदा लागू होत नाही. तिथे खोडवांच्या वाटेनं दिवाणी दावाच करावा लागतो.

तक्रारीच्या आधी कागद हाती हवेत. केसपेपर, ऑपरेशनचं टिपण, भुलीची नोंद, नर्सच्या रोजच्या नोंदी, संमतिपत्र, सोनोग्राफीचा अहवाल. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही, कारण त्यात सगळं सुरळीत झाल्याचंच लिहिलेलं असतं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत हे कागद द्यावेच लागतात. मुंबई उच्च न्यायालयानंही १९९६ मध्ये रहेजा प्रकरणात रुग्णाचा हा हक्क मान्य केला आहे. अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्यावी. मग ते कागद पहिल्या डॉक्टरशी देणंघेणं नसलेल्या सर्जनला दाखवावेत. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं एका जिल्ह्यात असणं ही वर्धेकरांची मोठी सोय आहे. एका डॉक्टरविरुद्ध दुसरा डॉक्टर लिहून देत नाही, ही अडचण खरी. पण २०१० मध्ये किशन राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाचं मत हवंच असं नाही. चूक उघड दिसत असेल तर आयोग त्याशिवायही निर्णय देऊ शकतो.

आणि नोटीस पाठवण्याआधी डॉक्टरला एकदा समोरासमोर भेटावं. शिव्या देत नव्हे, गर्दी घेऊनही नव्हे. नवरा-बायको आणि घरातलं एखादं शांत माणूस. पाचव्या दिवशी आम्ही फोन केला तेव्हा तुम्ही तिला बोलावलं का नाही, एवढा एकच प्रश्न. जो डॉक्टर कागद पुढे ठेवून उत्तर देईल, चुकलं तर चुकलं म्हणेल आणि खर्चाचा भार उचलायची तयारी दाखवेल, त्याच्याशी बसून तोडगा निघतो. कायद्यानं आयोगातही मध्यस्थीची सोय केली आहे. जिथे फाइल सापडत नाही, फोनच आला नव्हता असं सांगितलं जातं आणि पुन्हा तीच सही तोंडापुढे धरली जाते, तिथे मनात कोणतीही अपराधी भावना न ठेवता तक्रार दाखल करावी. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ‘बघू, आधी पेरणी होऊ द्या’ म्हणत राहिलेल्या घराचीही ती दोन वर्षं संपत जातातच.